क्रॅब वाढले असतील, तर माद्या पकडायला काय हरकत आहे?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या डेलावेअर खाडीत हॉर्सशू क्रॅब पकडण्यावर वीस-पंचवीस वर्षं मर्यादा आहेत. समुद्रातल्या पाहण्यांमध्ये आता क्रॅबची संख्या सुधारलेली दिसते. मग माद्या पकडायला अजून परवानगी का नाही? यामागे शास्त्र आहे की पक्षीप्रेमींचा हट्ट? आणि इतकं करून, या क्रॅबच्या अंड्यांवर वजन भरणारा तो रेड नॉट पक्षी वाचला का? भारतात काय स्थिती आहे, हेही विचारलं आहे.

मी या खाडीवर किनारपक्ष्यांचं काम बरीच वर्षं करते आहे. पक्षी पकडून वजन करणाऱ्या तुकडीत राहिले आहे आणि क्रॅबचा कोटा ठरवणाऱ्या बैठकांनाही बसले आहे. माझं उत्तर आधीच सांगते: माद्या पकडू नयेत. क्रॅबची जात नष्ट होईल अशी भीती मला आज वाटत नाही, त्यामुळे माझं कारण ते नाही. क्रॅबची जात टिकायला जितके क्रॅब पुरतात, त्यांच्या कितीतरी पट क्रॅब असतील तेव्हाच पक्ष्याचं पोट भरतं. कोटा ठरवताना यातला कुठला आकडा धरायचा, यावरच सगळा वाद आहे.

हा प्राणी ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: घोड्याच्या नालेच्या आकाराची कडक तपकिरी पाठ आणि मागे लांब काट्यासारखी शेपटी. नावात क्रॅब आहे, पण नात्याने तो खेकड्यापेक्षा विंचू आणि कोळी यांच्या जवळचा. न्यू जर्सी आणि डेलावेअर या दोन राज्यांच्या मधली ही खाडी म्हणजे या जातीचं जगातलं सर्वांत मोठं अंडी घालण्याचं ठिकाण. मे-जूनमध्ये पाणी थोडं तापलं की, विशेषतः अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, माद्या भरतीबरोबर पुळणीवर येतात. मादीच्या पाठीला एक नर धरून असतो आणि भोवती आणखी काही नर घुटमळत असतात. मादी वाळूत वीतभर खाली एका वेळी साधारण चार हजार हिरवट अंड्यांचा घोस ठेवते. असे घोस ठेवत ठेवत एका हंगामात ती ऐंशी हजारांच्या आसपास अंडी घालते.

रेड नॉटची चोच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे मादीने नीट पुरलेली अंडी त्याला मिळतच नाहीत. त्याला मिळतात ती उकरली गेलेली अंडी. पुळणीवर जागा मर्यादित आणि माद्या भरपूर, अशी दाटी झाली की आज आलेली मादी परवा आलेल्या मादीचा घोस उकरते. लाटा ती अंडी वर आणतात आणि भरतीच्या रेषेवर त्यांचा हिरवा थर साचतो. कणगीत साठवलेलं धान्य पाखरांच्या हाती लागत नाही, खळ्यावर सांडलेलं लागतं. तसंच हे आहे. उकरली गेलेली अंडी क्रॅबच्या दृष्टीने बहुतेक वायाच गेलेली असतात. पक्षी खातात त्यामुळे क्रॅबचं फारसं नुकसान होत नाही, ते याच कारणाने.

या दाटीचा हिशोब मात्र सरळ नाही. माद्या निम्म्या झाल्या तर घातलेली अंडी निम्मी होतात, पण एकीने दुसरीचा घोस उकरण्याची शक्यताही घटते. त्यामुळे वर येणारी अंडी निम्म्याहून बरीच कमी होतात. क्रॅबची संख्या ‘ठीक’ असताना पक्षी उपाशी राहू शकतो तो असा. मत्स्यव्यवसायाच्या नेहमीच्या गणितात विचारलं जातं की किती पकडलं तरी साठा टिकेल. इथे विचारावं लागतं की किती उरले तर सांडेल.

आता पक्ष्याबद्दल. रेड नॉटची ‘रूफा’ ही उपजात. तिच्यातले बरेच पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, चिली-अर्जेंटिनातल्या तिएरा देल फुएगोवर काढतात आणि उन्हाळ्यात कॅनडाच्या आर्क्टिक भागात घरटी करतात. एका बाजूचा प्रवास साधारण १५,००० किलोमीटरचा. ब्राझील किंवा आणखी दक्षिणेकडून लांबची झेप घेऊन ते मेच्या मध्यावर डेलावेअर खाडीत उतरतात, तेव्हा कित्येकांचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास असतं. चरबी तर गेलेलीच असते, पण स्नायूही झिजलेले असतात. लांब उड्डाणाआधी या पक्ष्याचं जठर आणि आतडी आक्रसतात, कारण हवेत ते वजन नकोच असतं. एरवी हा पक्षी छोटे शिंपले अख्खे गिळून जठरात भरडतो. खाडीत पोहोचतो तेव्हा शिंपले भरडायची ताकद त्या जठरात उरलेली नसते. क्रॅबचं अंडं मऊ, चरबीने भरलेलं आणि चटकन पचणारं. दोन आठवड्यांत त्याला साधारण १८० ग्रॅमपर्यंत जायचं असतं आणि तेवढ्यात मे संपतो. उशीर करून चालत नाही. आर्क्टिकमध्ये पोहोचल्यावरही सुरुवातीला जमिनीवर बर्फ असतो, खायला फारसं नसतं, आणि अंगावर उरलेल्या चरबीवरच अंडी घालायची तयारी होते.

हातात घेतलेला पक्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात १३० ग्रॅमचा भरला की काळजी वाटते, कारण त्याच्याकडे आता दहा दिवस उरलेले असतात. १९९५ साली अर्जेंटिनात पायात कडं घातलेला आणि पुढे बी-९५ या खुणेने ओळखला गेलेला एक रेड नॉट २०१४ पर्यंत दिसत राहिला. जवळजवळ वीस वर्षं त्याने हा प्रवास केला, म्हणजे इतक्या वेळा तो याच वाळूवर वजन भरून पुढे गेला असणार.

क्रॅब कमी कसे झाले, ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात शेतीच्या खतासाठी क्रॅब सुकवून दळत. १८७० च्या दशकात वर्षाला चाळीस लाखांवर क्रॅब जात होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो धंदा आटला आणि क्रॅब सावरले. १९९० च्या दशकात आमिष म्हणून मागणी उसळली. ईल, म्हणजे वाम, आणि व्हेल्क नावाचे मोठे समुद्री शंख पकडायच्या सापळ्यांत क्रॅबचे तुकडे घालतात. वामीला अंड्यांनी भरलेली मादी सर्वांत जास्त ओढते, म्हणून मासेमारांना मादीच हवी असे. दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वर्षाला वीस लाखांहून जास्त क्रॅब पकडले जात होते. मादी वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, हे लक्षात घेतलं तर ती पकड किती जड होती ते कळतं.

पक्ष्यांचे आकडे त्याच सुमाराला कोसळले. १९८० च्या दशकात खाडीवर विमानातून मोजताना एका वेळी नव्वद हजारांवर रेड नॉट दिसलेले आहेत. २००० नंतरच्या दशकात तोच आकडा पंधरा हजारांच्या आसपास आला. २००४ साली पक्षी-अभ्यासक ॲलन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत वर्षाला सुमारे ८५ टक्के प्रौढ पक्षी जगत होते आणि नंतर ते प्रमाण ५६ टक्क्यांवर आलं. जे पक्षी खाडी सोडताना हलके होते, ते पुढच्या वर्षी परत दिसण्याची शक्यता कमी होती. पक्षी घटला इतकंच या अभ्यासाने सांगितलं असं नाही. वजन आणि जगणं यांची साखळी त्याने जोडून दाखवली.

त्याच अभ्यासात म्हटलं होतं की मृत्यूचं प्रमाण असंच राहिलं तर ही उपजात २०१० च्या सुमाराला नामशेष होण्याच्या काठावर येईल. तसं झालं नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. ‘तुमचं भाकीत खोटं ठरलं’ असं बैठकीत कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते की भाकीत ‘असंच राहिलं तर’ या अटीवर होतं, आणि दरम्यान पकड कमी झाली.

ती कशी कमी झाली, यात शिकण्यासारखं बरंच आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा एक संयुक्त मत्स्य आयोग आहे. त्याने १९९८ मध्ये पहिली व्यवस्थापन योजना केली, २००० मध्ये प्रत्येक राज्याला कोटा लावला. २००१ मध्ये खाडीच्या तोंडाबाहेरचा सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर समुद्र क्रॅबसाठी राखीव झाला. त्याला कार्ल शुस्टर या क्रॅब-अभ्यासकाचं नाव दिलेलं आहे. न्यू जर्सीने २००६ मध्ये पकड थांबवली आणि २००८ मध्ये त्याचा कायदाच केला. पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला २५,००० डॉलर दंड. समोरच्या डेलावेअर राज्यानेही संपूर्ण बंदी घालून पाहिली, पण ती न्यायालयात टिकली नाही. तिथे मग फक्त नर पकडायची परवानगी राहिली. एकाच खाडीच्या एका काठावर पूर्ण बंदी आणि दुसऱ्या काठावर नरांची पकड, ही स्थिती आजही आहे.

नर का चालतात, हे बरेच जण विचारतात. पुळणीवर एका मादीमागे तीन-चार किंवा जास्तही नर येतात. फलन शरीराबाहेर, वाळूतच होतं. काही नर कमी झाले तरी अंडी फळायची राहत नाहीत. मात्र एक मादी गेली की त्या हंगामाची ऐंशी हजार अंडी गेली, आणि तिच्या जागी दुसरी तयार व्हायला दशक लागतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असते, तशी विणीच्या हंगामापुरती बंदी इथे पुरणार नाही, ते याचमुळे. ऑक्टोबरमध्ये समुद्रात पकडलेली मादी पुढच्या मेमध्ये पुळणीवर नसतेच.

२०१३ पासून कोटा ठरवताना क्रॅब आणि रेड नॉट या दोघांची संख्या एकत्र धरायला सुरुवात झाली. माझ्या माहितीत एका प्राण्याची पकड दुसऱ्या प्राण्याच्या गरजेला इतकी उघडपणे बांधल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. नियम असा होता की रेड नॉट ८१,९०० पर्यंत पोहोचले किंवा प्रौढ माद्या १ कोटी १२ लाखांपर्यंत गेल्या, तरच माद्यांच्या पकडीला काही मोल द्यायचं. तोवर वर्षाला पाच लाख नर आणि शून्य माद्या.

तुमच्या प्रश्नातला मुद्दा २०२२ मध्ये उभा राहिला. कोटा काढायचं गणिताचं प्रारूप (मॉडेल) सुधारलं गेलं, त्यातली पक्ष्यांच्या आणि माद्यांच्या त्या आकड्यांची अट काढून टाकली गेली, आणि माद्यांची थोडी पकड चालेल असं उत्तर प्रथमच समोर आलं. विरोधाची तीस हजारांवर पत्रं आली. आयोगाने नवं प्रारूप स्वीकारलं, पण २०२३ साठी ४,७५,००० नर आणि शून्य माद्या असाच कोटा ठेवला. पत्रांच्या दबावाने शास्त्राला बाजूला सारलं, असा आरोप तेव्हा झाला. मला तो पटत नाही, आणि का ते सांगते.

नव्या प्रारूपाला क्रॅबची संख्या आणि पक्ष्याचं जगणं यांच्यात फार क्षीण संबंध दिसला. पण त्याला पुरवलेली माहिती मुख्यतः २००० नंतरची आहे, म्हणजे क्रॅब आधीच खाली आल्यानंतरची. अन्न सगळ्याच वर्षी अपुरं असेल, तर थोडं कमी-जास्त झाल्याने काय फरक पडतो ते आकड्यांत उमटत नाही. भरपूर अन्नाची वर्षं त्या माहितीत जवळपास नाहीतच. दुसरं म्हणजे, समुद्रातल्या ट्रॉल पाहणीत, म्हणजे बोटीमागे जाळं ओढून केलेल्या मोजणीत, माद्या वाढलेल्या दिसत असल्या तरी पुळणीवरच्या वरच्या थरातली अंडी १९८०-९० च्या काळाच्या तुलनेत अजून फारच कमी आहेत. पक्षी ट्रॉलच्या जाळ्यातून खात नाही. माझ्या दृष्टीने दर चौरस मीटरला वर आलेली अंडी हाच मुख्य आकडा असायला हवा, आणि तो सुधारेपर्यंत माद्यांना हात लावू नये.

‘पक्षी वाचला का?’ याचं उत्तर देताना दोन वेगळी मोजमापं समोर ठेवावी लागतात, कारण दोन्ही बाजू आपल्याला सोयीचं तेवढं उचलतात. एक म्हणजे एका दिवसात विमानातून किंवा किनाऱ्यावरून दिसलेला सर्वांत मोठा आकडा. २०२१ मध्ये तो सात हजारांच्या खाली गेला, नोंदींतला नीचांक. दुसरं म्हणजे पायातल्या खुणा वाचून, मेभरात खाडीतून एकूण किती पक्षी गेले याचा अंदाज. तो अलीकडच्या वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास स्थिर आहे. पक्षी येत-जात असतात, त्यामुळे दुसरा आकडा मोठा असणारच. मी दोन्ही मानते. घसरण थांबली आहे आणि पूर्वस्थिती आलेली नाही, असा त्यांचा मेळ लागतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली ही उपजात २०१४ च्या डिसेंबरपासून ‘धोक्यात’ म्हणून नोंदलेली आहे. २०२० मध्ये मे थंड गेला, पाणी तापलं नाही, क्रॅब उशिरा आले. एखाद्या वर्षीचा असा फटका सोसायला हाताशी जादा अंडी लागतात. हवामान बिघडत चाललं आहे, म्हणून तर ही शिल्लक आणखी मोठी हवी.

कोट्याच्या चर्चेत मागे पडणारी गोष्ट म्हणजे औषधनिर्मिती. हॉर्सशू क्रॅबचं रक्त निळं असतं. त्यातल्या पेशी जिवाणूंच्या विषाचा अंशही असला तरी गोठतात. १९७० च्या दशकापासून लसी, सलाइन, शरीरात बसवायची उपकरणं त्यावर तपासली जातात. तुम्ही-मी घेतलेल्या इंजेक्शनमागे बहुधा ही चाचणी असते. त्यासाठी अलीकडे वर्षाला दहा लाखांच्या आसपास क्रॅब पकडून रक्त काढून परत सोडतात. सुमारे १५ टक्के दगावतात असं धरलं जातं, काही अभ्यासांत प्रमाण याहून जास्त निघालं आहे. ही पकड आमिषाच्या कोट्यात मोजली जात नाही. पर्याय मात्र तयार आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग जीक लिंग आणि हो बाऊ यांनी १९९० च्या दशकात त्या रक्तातला मुख्य घटक प्रयोगशाळेत बनवला. युरोपच्या औषधसंहितेने त्यावर आधारित चाचणी २०२१ पासून मान्य केली, अमेरिकेच्या संहितेने २०२४ मध्ये मंजूर केली. आता औषध कंपन्यांनी जुन्या उत्पादनांच्या चाचण्या बदलायला हव्यात. औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करणारे मराठी वाचक पुष्कळ असतील. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत हा विषय काढला तर त्याचा थेट उपयोग आहे.

मासेमारांना शत्रू मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. आमिषाची गरज कमी करणारी सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे सापळ्यात टांगायची साधी जाळीची पिशवी. आमिष तिच्यात ठेवलं की दुसरे प्राणी ते कुरतडत नाहीत, जास्त दिवस टिकतं, आणि निम्म्या क्रॅबवर काम भागतं. कोट्याआधी अशी सोय हाती दिली की विरोध निम्मा होतो, हे मी पाहिलं आहे. उलट एकाच ठिकाणी बंदी केली की दर चढतात आणि पकड शेजारी सरकते. न्यू यॉर्ककडे चोरटी पकड वाढली. आमिषासाठी आशियातले हॉर्सशू क्रॅबही अमेरिकेत आणले जाऊ लागले, आणि २०१३ मध्ये आयोगाला त्या आयातीविरुद्ध ठराव करावा लागला. एका किनाऱ्यावरची मर्यादा दुसऱ्या खंडातल्या क्रॅबच्या जिवावर उठू नये, एवढी काळजी नियम करतानाच घ्यायला हवी होती.

क्रॅब असून वाळू नसेल तरी उपयोग नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी चक्रीवादळाने न्यू जर्सीच्या बाजूची पुळण धुऊन नेली. पुढच्या मेआधी ट्रकांनी वाळू आणून ती भरली गेली, म्हणून तो हंगाम निभावला.

भारतातल्या स्थितीबद्दल विचारलं आहे म्हणून थोडक्यात: आपल्याकडे हॉर्सशू क्रॅबच्या दोन जाती आहेत, त्या ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर. कोकणच्या पुळणीवर हा प्राणी नाही. वन्यजीव कायद्याने २००९ पासून त्याला संरक्षण आहे. डेलावेअरसारखी पक्षी आणि क्रॅब यांची जोडी तिथे नाही, तेव्हा इथला कोटा तिथे उचलून लावण्यात अर्थ नाही. तिथला प्रश्न मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरण्याचा आणि अंडी घालायची वाळू टिकवण्याचा आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मेच्या शेवटच्या पंधरवड्यात केप मेच्या बाजूला रीड्स बीचला जरूर जावं. ७ जूनपर्यंत बऱ्याच पुळणींवर उतरायला मनाई असते. ठरवून दिलेल्या जागेवरून दुर्बिणीने पाहायचं, कुत्रं आणायचं नाही, कारण एकदा उडवलेला थवा खाण्याचा वेळ गमावतो. ७ जूननंतर वाळूवर उलटे पडलेले क्रॅब दिसले तर सुलटे करा. पाठीच्या दोन्ही कडा धरून उलटवा, शेपटीला धरून उचलू नका. तिला इजा होऊ शकते, आणि पुढच्या लाटेत उलटा पडलेला क्रॅब शेपटीच्याच आधाराने सुलटा होतो.